असत्याचे देणे कोणाच्या नावावर?

आपल्या समाजात श्रीकृष्णाला साक्षीसाठी जितक्या वेळा उभे केले जाते, तितक्या वेळा कोणत्याही दिवाणी न्यायालयात कोणा साक्षीदाराला उभे केले गेले नसेल. व्यापारात थोडे इकडचे तिकडे झाले, निवडणुकीच्या शपथपत्रात एखादी मिळकत नोंदवायची राहून गेली, सोयरिकीच्या बोलण्यात मुलाचा पगार काही हजारांनी वाढला, की बैठकीतला कोणी वडीलधारा गृहस्थ सुपारी कातरता कातरता सांगतो, ‘अहो, खुद्द भगवंतांनी धर्मराजाला खोटे बोलायला लावले, तिथे तुमची-आमची काय कथा!’ हा युक्तिवाद ऐकणाऱ्याला निरुत्तर करतो, कारण त्याचे पूर्वपद खरे आहे. महाभारतात असत्याला सवलत दिलेली आहे, एकदा नव्हे तर अनेकदा दिलेली आहे, आणि ती नाकारण्यासाठी श्लोकांची ओढाताण करणारे सोज्ज्वळ भाष्यकार त्या ग्रंथाशी प्रामाणिक राहत नाहीत. माझी तक्रार निराळी आहे. ज्या दस्तऐवजावर ही सवलत लिहिलेली आहे त्याच दस्तऐवजावर, तिच्याच खाली, एक देणेही लिहिलेले आहे, आणि आपण पिढ्यान्‌पिढ्या वरचा अर्धा कागद जपून ठेवून खालचा अर्धा फाडून टाकलेला आहे.

कर्णपर्वातला एक प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. युद्धाचा सतरावा दिवस आहे. कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला युधिष्ठिर रण सोडून शिबिरात येऊन पडला आहे, त्याच्या समाचारासाठी कृष्ण आणि अर्जुन रथ वळवून आले आहेत, आणि कर्णाला मारूनच हे परतले असणार अशा समजुतीने धर्मराज त्यांचे तोंड भरून कौतुक करू लागला आहे. कर्ण अद्याप जिवंत आहे असे कळताच मात्र त्या शांत आणि सोशिक म्हणून गाजलेल्या पुरुषाचा तोल असा सुटतो की, तुझ्याच्याने होत नसेल तर ते गांडीव दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाक, इथवर त्याची मजल जाते. आता अर्जुनाची मनोमन केलेली एक प्रतिज्ञा होती की, गांडीव दुसऱ्याला दे असे जो मला म्हणेल त्याचे मस्तक मी उडवीन. तो तलवार उपसतो. समोर वडील भाऊ आहे, राजा आहे, तोही जखमी अवस्थेत; परंतु प्रतिज्ञेचा भंग म्हणजे सत्याचा भंग आणि सत्याचा भंग म्हणजे नरक, असा सरळ हिशेब या महाधनुर्धराने मांडलेला आहे.

त्या वेळी कृष्ण त्याला ज्या दोन कथा सांगतो त्यांपैकी बलाक नावाच्या व्याधाची कथा बाजूला ठेवून कौशिकाची तेवढी घेतो. कौशिक हा एक तपस्वी ब्राह्मण, फारसा बहुश्रुत नसलेला, गावापासून जवळच नद्यांच्या संगमावर राहणारा. नेहमी सत्यच बोलायचे असे त्याचे व्रत, आणि त्या व्रतामुळे सत्यवादी म्हणून त्याचा पंचक्रोशीत लौकिक. दरोडेखोरांच्या भयाने पळत सुटलेली काही माणसे त्या रानात शिरली. मागून दरोडेखोर आले आणि त्यांनी नेमके कौशिकालाच विचारले की, ती माणसे कोणत्या वाटेने गेली. कौशिकाने वाट दाखवली. माणसे मारली गेली, आणि आयुष्यभर एकही खोटा शब्द न उच्चारणारा तो तपस्वी, धर्माची सूक्ष्मता न जाणल्यामुळे, नरकात गेला.

ही कथा साधारणपणे ‘प्रसंगी खोटे बोलावे’ या मथळ्याखाली सांगितली जाते, आणि तिथेच आपली फसगत होते. कौशिकाच्या सत्याची किंमत कौशिकाने भरली नाही, ती रानात लपलेल्या माणसांनी भरली, आणि आपले व्रत अभंग राहिल्याचे समाधान तेवढे त्याच्या पदरात पडले. महाभारतकारांचा रोष आहे तो या व्यवहारावर. अर्जुनही तेच करायला निघालेला होता, कारण त्याचे सत्य जपले जायचे होते ते भावाच्या रक्ताने. कृष्णाने सुचवलेला तोडगा पाहिला म्हणजे हे अधिकच स्पष्ट होते. वडिलांना एकेरी संबोधणे हा त्यांचा वधच होय, म्हणून धर्मराजाला चारचौघांत ‘तू’ म्हण, म्हणजे प्रतिज्ञा पुरी होईल, असे तो सांगतो. अर्जुन तसे करतो, आणि केल्यावर त्याला स्वतःची इतकी शरम वाटते की तो आत्महत्येसाठी पुन्हा तलवार काढतो. त्यावर, आत्मस्तुती हीच आत्महत्या, तेव्हा आता आपल्याच तोंडाने आपले गुण वर्णन कर, असा दुसरा तोडगा निघतो. (ही दुसरी व्यवस्था आजच्या सार्वजनिक जीवनात लागू केली तर आपल्याकडे जिवंत पुढारी फारसे उरणार नाहीत.) रणधुमाळीत रचलेला हा सारा प्रकार कोणाला हास्यास्पद वाटेल. परंतु दोन्ही तोडग्यांची दिशा एकच आहे: जे काही सोसायचे ते ज्याची प्रतिज्ञा त्याने सोसावे.

धर्मशास्त्रकारांनी हीच गोष्ट कायद्याच्या कलमासारखी लिहून ठेवली आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात साक्षीदारांचे प्रकरण आहे. त्या प्रकरणात, खरे सांगितल्याने कोणा मनुष्याचा वध होणार असेल तर साक्षीदाराने खोटे सांगावे, ते तेथे सत्याहून श्रेष्ठ ठरते, अशी निःसंदिग्ध मुभा आहे. आणि लगेच पुढच्या श्लोकात, असे खोटे बोलणाऱ्याने त्या पापाच्या निष्कृतीसाठी वाग्देवता सरस्वतीला चरू अर्पण करावा, अशी आज्ञा आहे. याज्ञवल्क्याने तर मुभा आणि प्रायश्चित्त ही दोन्ही एकाच श्लोकात बांधून टाकली आहेत. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे ज्या ग्रंथाचे जाहीर दहन झाले त्याची वकिली करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. माणसामाणसांत भेद करून शिक्षेची प्रतवारी लावणारा हाच आठवा अध्याय आहे, आणि वर सांगितलेल्या मुभेच्या श्लोकात चारही वर्णांचे प्राण एकाच मापाने मोजले गेले हा त्या अध्यायातला अपवादच म्हटला पाहिजे. परंतु या दोन श्लोकांच्या जोडणीमागची बुद्धी विचारात घेण्यासारखी आहे. जे बोलणे सत्याहूनही श्रेष्ठ, त्याला प्रायश्चित्त कशाला? तर्काला हे पटत नाही. केलेली गोष्ट योग्य होती आणि तरीही ती करताना काहीतरी मोडले, आणि जे मोडले त्याची भरपाई मोडणाऱ्याकडे लागते, ही जाणीव मात्र या विसंगतीतून स्पष्ट दिसते.

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त ‘कर्मजिज्ञासा’ नावाचे प्रकरण आहे. हॅम्लेट आणि कोरिओलेनस यांच्यापासून आरंभ करून ते अहिंसा, सत्य, अस्तेय अशा एकेका नियमाचे अपवाद तपासत जाते, कौशिकाची कथा देते, सिज्‌विकसारख्या इंग्रज नीतिशास्त्रज्ञांनीही अशा सवलती मान्य केल्याचे दाखवून देते, आणि सारस्वत चरूचा उल्लेखही गाळीत नाही. पुढील काळात टिळकांचे नाव घेऊन व्यवहारचातुर्याचे समर्थन करणाऱ्यांनी ते प्रकरण कितपत वाचले असेल याविषयी मला शंका आहे.

अर्थात, सवलतींची यादी एवढ्यावर थांबत नाही हे कबूल केले पाहिजे. विनोदात, स्त्रीच्या बाबतीत, विवाहप्रसंगी, प्राणसंकटात आणि सर्वस्व लुटले जात असताना बोललेले असत्य पातक ठरत नाही, असे पाच अपवाद महाभारतात एकाहून अधिक ठिकाणी आलेले आहेत, आणि सोयरिकीत पगार वाढवून सांगणाऱ्या गृहस्थाला त्यांतला तिसरा तोंडपाठ असतो. पण आदिपर्वात हे अपवाद कोणाच्या तोंडी आहेत आणि त्यांचा परिणाम काय झाला हे पाहावे. ते शर्मिष्ठा ययातीला ऐकवते. शर्मिष्ठेला शय्येवर बोलावू नकोस असे शुक्राचार्यांनी राजाला बजावलेले आहे, राजा त्या शब्दाने बांधलेला आहे, आणि या पाच अपवादांच्या आधाराने तो मोकळा होतो. गोष्ट उघडकीला येते, शुक्राचार्यांच्या शापाने तो तत्काळ जराजर्जर होतो, आणि मग हा राजर्षी काय करतो? आपले म्हातारपण घेऊन तो मुलांच्या दारोदार जातो. यदू, तुर्वसू, द्रुह्यू आणि अनू नकार देतात. धाकटा पुरू ते स्वीकारतो. बापाने मोडलेल्या शब्दाचे देणे मुलाच्या नावावर चढवले गेल्याचा इतका उघडा दाखला दुसऱ्या कोणत्या वाङ्मयात असेल तर तो मला माहीत नाही. वि. स. खांडेकरांनी १९५९ साली याच राजाला कादंबरीचा नायक केले, आणि त्या कादंबरीला पुढे ज्ञानपीठ पुरस्कारही मिळाला. तिची चर्चा मात्र बहुधा भोगलालसेच्या अंगाने होते. देणे दुसऱ्याच्या माथी मारण्याची ययातीची ही सवय, मला वाटते, त्याच्या भोगलालसेहून अधिक टिकाऊ ठरली आहे.

धर्मराजाच्या प्रसिद्ध असत्याविषयी थोडक्यातच सांगता येईल. त्रैलोक्याच्या राज्यासाठीही हा खोटे बोलणार नाही अशी द्रोणाची खात्री होती, म्हणून तर द्रोणाने नेमके त्याला विचारले. म्हणजे ते असत्य फळाला आले ते आयुष्यभर साठवलेल्या सत्याच्या बळावर. जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला, स्वर्गारोहणपर्वात त्याला नरक पाहावा लागला, आणि द्रोणाला तू कपटाने फसवलेस म्हणून तुलाही कपटानेच हे दाखवले, असे इंद्राने त्याला तोंडावर सांगितले. बापाच्या वधाने पिसाळलेल्या अश्वत्थाम्याने रात्रीच्या अंधारात झोपलेल्या द्रौपदीपुत्रांची कत्तल केली, ती निराळीच. ज्या ग्रंथाचा हवाला देऊन आपण निर्धास्त होतो, त्याने आपल्या सर्वांत सज्जन पात्राला या एका अर्धवट वाक्याबद्दल सोडलेले नाही.

आता पश्चिमेकडे वळू. १७९७ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, प्रशियातील क्योनिग्सबर्ग शहरी राहणाऱ्या इमॅन्युएल कांट या तत्त्ववेत्त्याने बेंजामँ कोंस्तां या फ्रेंच लेखकाला उत्तर म्हणून एक छोटा निबंध लिहिला. मारेकरी दारात येऊन विचारतो आहे की, तुझा मित्र घरात लपला आहे काय. मित्र खरोखरच घरात आहे. घरमालकाने काय सांगावे? कांटचे उत्तर असे की, गप्प राहता येत नसेल तर खरेच सांगावे, कारण परोपकारासाठीही खोटे बोलण्याचा अधिकार कोणाला नाही. हे वाचून आपल्याकडचा वाचक ताबडतोब म्हणतो, हा तर जर्मन कौशिक! इतक्या झटपट निकाल लावणे कांटवर अन्याय करणारे आहे. त्याचे म्हणणे असे की, प्रत्येक असत्याने माणसाच्या बोलण्यावरचा एकंदर विश्वास उणावतो, आणि करार-मदार, साक्षी-पुरावे, तह-तडजोडी हे सारे ज्या पायावर उभे आहे तो पाया खचतो, मग ते असत्य कितीही दयाबुद्धीने उच्चारलेले असो. शिवाय, तुम्ही मित्र घरात नाही असे सांगितले, आणि तो तुमच्या नकळत मागल्या दाराने निघून गेलेला असून परत फिरलेल्या मारेकऱ्याला रस्त्यात सापडला, तर त्या खुनाची जबाबदारी तुमच्यावर येते. खोटे बोलणाऱ्याने त्याचे अकल्पित परिणामसुद्धा आपल्या खात्यावर घेतले पाहिजेत. म्हणजे मनूने दिलेली सवलत कांटला मान्य नाही, परंतु तिच्याखालचे देणे त्याला संपूर्ण मान्य आहे. तो चुकतो ते दुसऱ्या टोकाला: खरे बोलणाऱ्यावर मात्र काहीच देणे लागत नाही, कायदा त्याच्या केसालाही धक्का लावू शकत नाही, असे तो धरून चालतो, आणि कौशिकाला नरकात पाठवणाऱ्या कवीने नेमके हेच गृहीतक नाकारलेले आहे.

कांटच्या स्वतःच्या चरित्रात एक मौजेचा भाग आहे. धर्मविषयक लिखाणाबद्दल राजा दुसरा फ्रेडरिक विल्यम याची इतराजी झाल्यावर १७९४ साली कांटने लेखी हमी दिली की, आपला अत्यंत निष्ठावंत प्रजाजन या नात्याने मी यापुढे त्या विषयावर बोलणार नाही. पुढे १७९७ च्या नोव्हेंबरात, म्हणजे वर सांगितलेला निबंध प्रसिद्ध होऊन फार दिवस झाले नसतील तोच, राजा वारला. आणि कांटने पुढच्याच वर्षी त्या विषयावर लिहून प्रस्तावनेत खुलासा केला की, ‘आपला प्रजाजन’ हे शब्द मी जाणूनबुजून योजले होते, हेतू हा की हमी त्या राजाच्या हयातीपुरतीच बांधील राहावी. याला क्योनिग्सबर्गचे ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणायला हरकत नाही. मी त्याबद्दल त्याला दोष देत नाही, कारण या शब्दचातुर्याने कोणा तिसऱ्याचे काही गेले नाही आणि दरम्यान तोंड बंद ठेवावे लागले ते त्याचे त्यालाच.

तत्त्ववेत्त्यांना जे जमले नाही ते कधीकधी कादंबरीकाराला साधते. व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझराब्ल’ या १८६२ सालच्या कादंबरीत सिस्टर सँप्लिस नावाची एक जोगीण आहे. जन्मात कधी खोटे न बोललेली म्हणून तिची ख्याती आहे, आणि कायद्याचा मूर्तिमंत अवतार असलेला पोलीस अंमलदार जाव्हेर तिच्यापुढे मान लववतो. पळालेला कैदी ज्याँ व्हालज्याँ त्याच खोलीत दडलेला असताना जाव्हेर तिला दोन प्रश्न विचारतो, आणि ती लागोपाठ दोनदा खोटे बोलते. जाव्हेरला शंकाही येत नाही. जी पुंजी तिने देवासाठी साठवली होती ती तिने एका कैद्यासाठी दोन शब्दांत खर्च केली, आणि ती पुंजी सर्वस्वी तिची होती; दुसऱ्या कोणाच्या तिजोरीला तिने हात लावला नाही. कौशिकापाशी नेमकी एवढीच पुंजी होती.

हे केवळ पोथ्या-पुस्तकांतच घडते असे मानू नये. १९४२ च्या आंदोलनात सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी खेड्यांनी नाना पाटलांना आणि प्रतिसरकारच्या इतर भूमिगतांना दडवून ठेवले, आणि पोलीस दारात आले की, आम्ही कोणाला पाहिले नाही, असे म्हाताऱ्या बायकांपासून पोरासोरांपर्यंत सर्वांनी सांगितले. गांधीजींना ही गुप्तता मान्य नव्हती. १९४४ साली सुटून आल्यावर त्यांनी भूमिगतांना प्रकट होण्याचा सल्ला दिला, आणि अच्युतराव पटवर्धन, अरुणा असफ अली यांच्यासारख्यांनी तो मानला नाही. कोणाचे बरोबर, हा वाद येथे उकरून काढण्याचे कारण नाही. मला एवढेच दिसते की, खोटे बोलणाऱ्या त्या माणसांना आपण काय पणाला लावतो आहोत याची पुरती कल्पना होती: मार, तुरुंग, जप्ती आणि साऱ्या गावावर बसणारा सामुदायिक दंड. त्यांनी मागितलेल्या सवलतीखाली त्यांचीच सही होती.

या पार्श्वभूमीवर आपले रोजचे व्यवहार पाहू. सदनिकेची खरेदी होते. विकणारा आणि घेणारा दोघेही भले गृहस्थ. दस्तात दाखवायची रक्कम एक आणि हातात द्यायची रक्कम एक, हे ठरायला चहाच्या एका कपाइतका वेळ पुरतो, आणि मग दुय्यम निबंधकांच्या कचेरीत छायाचित्र काढून, अंगठा टेकवून, मजकूर खरा असल्याचे मान्य केले जाते. रेडी रेकनरच्या खाली जाता येत नाही म्हणून दस्तातला आकडा तिथवर येऊन थांबतो, एवढेच. यात कोणाचे काय गेले, असे दोघेही मनापासून विचारतात. ज्याचे गेले तो त्या टेबलाशी बसलेला नसतो, हेच त्याचे उत्तर. उत्पन्नाच्या दाखल्यात तर ज्याचे गेले त्याला वय आणि नावही असते, फक्त आपल्याला ते ठाऊक नसते. वार्षिक ८ लाख रुपयांच्या मर्यादेत बसण्यासाठी दुकानाची किंवा शिकवणीवर्गाची मिळकत खाली आणून स्वयंघोषणापत्र केले जाते, तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत कागद रीतसर पुढे सरकतो, मुलाला प्रवेश मिळतो, पेढे वाटले जातात. आणि त्या प्रवेशयादीच्या रेषेखाली एक नाव घसरते, ज्याच्या बापाला खरोखरच तेवढे उत्पन्न नसते. ययातीने निदान आपल्या मुलाला विचारले तरी होते.

कचेरीतला वरिष्ठ आपल्या शिपायाला सांगतो, मी बैठकीत आहे म्हणून सांग. कांटने त्याच १७९७ साली प्रसिद्ध केलेल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात हुबेहूब हाच प्रसंग घेतला आहे: मालकाच्या हुकमावरून ‘घरी नाहीत’ असे सांगणारा नोकर, त्या सबबीआड सटकून गुन्हा करणारा मालक, आणि दोष नोकराकडेही लागतो हा निकाल. निकाल मला कठोर वाटतो. ज्याची नोकरी त्या वाक्यावर अवलंबून आहे त्याच्या जिभेवर आपले असत्य ठेवणे हा त्यातला मोठा अपराध आहे, आणि शिपाई, चिटणीस, घरची मोलकरीण व शाळकरी मुलगा हे सगळे या कामी वापरले जातात. न्यायालयांतल्या फितूर साक्षीदारांविषयीही मी याच कारणाने सरसकट संताप व्यक्त करू शकत नाही: जबानी फिरवणारा मजूर पिंजऱ्यात सर्वांना दिसतो, त्याला फिरवणारा मनुष्य मागच्या बाकावर बसलेला असतो. १९६२ साली अत्र्यांचे ‘तो मी नव्हेच’ रंगभूमीवर आले. प्रभाकर पणशीकरांचा लखोबा लोखंडे न्यायासनासमोर शांतपणे सारे नाकारीत असता प्रेक्षागृह टाळ्यांनी दणाणून जाई, आणि फसवल्या गेलेल्या स्त्रिया त्याच फिरत्या रंगमंचावर उभ्या असत. टाळ्या पणशीकरांच्या अभिनयाला होत्या हे खरे. सगळ्याच त्यांना होत्या असे मात्र मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

राहिले एक प्रकरण, ज्यात माझ्या या मोजमापाची खरी परीक्षा होते. घरातल्या कर्त्या माणसाला कर्करोग निघतो. मुलगा किंवा जावई डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगतो, ‘त्यांना काही बोलू नका, धसका घेतील.’ तेव्हापासून त्या घरात एक नाटक सुरू होते: अहवालाची पिशवी कपाटाच्या वरच्या फळीवर जाते, गाठीला ‘साधी सूज’ म्हणतात, किरणोपचाराला ‘शेक’ म्हणतात. १९४१ साली परळला स्थापन झालेल्या टाटा रुग्णालयाचे नुसते नाव महाराष्ट्रात कोणत्या रोगाचे निदर्शक झाले आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, तरी त्याच्या दारात टॅक्सीतून उतरताना ‘इथे तपासण्या चांगल्या होतात’ असे रुग्णाला सांगितले जाते. हे लोक दुष्ट नसतात. त्यांचे प्रेम खरे असते, त्यांची धावपळ खरी असते, रात्रीची जाग्रणे खरी असतात.

टॉल्स्टॉयने १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इव्हान इलिच’च्या कथेत हे नाटक रुग्णाच्या बाजूने पाहिले. न्यायखात्यातला तो प्रतिष्ठित अधिकारी वेदनेइतकाच, किंबहुना वेदनेहून अधिक, तळमळतो तो भोवतालच्या असत्याने. आपण मरत आहोत हे सर्वांना माहीत असून सर्वजण त्याला केवळ आजारी समजण्याचे सोंग करतात आणि त्या सोंगात त्यालाही सामील व्हायला लावतात, याने. घरातला गेरासिम नावाचा शेतकरी नोकर तेवढा सोंग करीत नाही, म्हणून त्याचीच सोबत त्याला हवीशी वाटते. येथे देणे कोणाच्या नावावर चढते हे शोधायला लांब जावे लागत नाही. मृत्युपत्र राहून जाते, वीस वर्षे न बोललेल्या भावाला निरोप पाठवायचा राहून जातो, शेताचा वाद मुलांसाठी तसाच पडून राहतो, आणि उरलेल्या महिन्यांत शस्त्रक्रिया करून घ्यायची की गावच्या घरी जाऊन पडून राहायचे, हा निर्णय ज्याचा होता त्याने तो घेतलेला नसतो. ‘धसका घेतील’ या वाक्यात धसका पुष्कळदा बोलणाऱ्याचाच असतो: बापाच्या डोळ्यांत बघून ती गोष्ट उच्चारण्याचा, आणि नंतर त्या खोलीत बसून राहण्याचा.

तरीही येथे कांटचे कलम लावून मोकळे होणे मला जमत नाही. स्वतःहून न विचारणारी, जाणून घ्यायची इच्छा नसलेली माणसे असतात, आणि त्यांच्यावर सत्य लादणारा कौशिकाचाच वंशज होय. शिवाय या घरांत बहुतेक वेळा असे आढळते की, रुग्णाने सारे केव्हाच ओळखलेले असते. केस गळालेले त्याला दिसतात, शेजारच्या खाटेवरच्या माणसाचे काय झाले ते त्याला ठाऊक असते. परंतु मुलांनी इतक्या कष्टाने उभारलेले नाटक मोडू नये म्हणून तो म्हणतो, आज बरे वाटते आहे, दिवाळीला गावी जाऊ. त्या खोलीत दोन असत्ये समोरासमोर बसलेली असतात. मुलांच्या असत्याचे देणे तो भरतो आणि आपल्या असत्याचेही तोच भरतो. मनूची सवलत मी त्याला विनातक्रार देईन. मुलांच्या अर्जावर मात्र माझी लेखणी अडते.

यावर एक साधी व्यवस्था करता येण्याजोगी आहे. डॉक्टरांनी निदान होण्यापूर्वीच, पहिल्या एक-दोन भेटींत, रुग्णाला स्वतंत्रपणे विचारावे की, जे काही निघेल त्यातले किती तुम्हाला स्वतःला जाणून घ्यायचे आहे आणि किती कोणाला सांगावे असे तुम्हाला वाटते. आणि त्याचे उत्तर, ते ‘मला काही सांगू नका’ असे असले तरीही, केसपेपरवर लिहून ठेवावे. याला खर्च नाही, यंत्रसामग्री लागत नाही. नातेवाइकांना मात्र तेवढा वेळ दाराबाहेरच्या बाकावर बसून राहावे लागेल, आणि आपल्याकडे घोडे अडते ते तिथेच.